खालून वर वाचायची चिठ्ठी

४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

उत्तराला सात महिने लागले म्हणून रुसू नकोस. तुझं पत्रही पाच ओळींचं होतं आणि त्यातल्या दोन हवेबद्दल.

बातमी अशी, की माझी खिडकी बंद होतेय. बंदराच्या स्टेशनात शिरलं की डाव्या हाताला 'चौकशी' अशी पाटी, पाटीखाली काच, काचेखाली हात जाईल एवढी फट आणि फटीमागे मी, हे एकतीस वर्षं लोकांनी पाहिलं. आता तीस तारखेनंतर तिथं यंत्र बसणार. बोट लावलं की वाट दाखवणार. साहेब म्हणाले, "बाई, यंत्र कुणावर खेकसत नाही." मी म्हटलं, "साहेब, खेकसल्याशिवाय लोकांना फलाटाचा नंबर लक्षात राहत नाही." त्याच दिवशी लाँचही बंद. पूल झाल्यापासून तिच्यात माणसं कमी आणि कोंबड्यांची खुराडीच जास्त असतात.

तर तू ये. तीस तारखेच्या आत ये. फोनच करणार होते, पण तुझे कान फोनवर चालत नाहीत म्हणतोस, म्हणून ही कागदाची घोडी.

कसं येऊ, असं विचारायची सोय मी ठेवत नाही. उभा जन्म तेच सांगण्यात गेला. तुझ्या गावाहून बंदराला यायला आता तीन वाटा आहेत. पुलावरून जलद बस, सकाळी सातची, दहाला इथं. दुसरी जुनी वाट: गाडीने पलीकडच्या काठापर्यंत, तिथून लाँचने चाळीस मिनिटं. तिसरी जुनी बस. ती खाडीला पूर्ण वळसा घालून पाच तासांनी पोचवते. तिच्यात हाडं खिळखिळी होतात, पण खिडकीची जागा मिळते. सोबत चिठ्ठी जोडलीय. आपल्या खिडकीची रीत तुला माहीत आहेच: जाताना वरून खाली वाचायची, परतताना खालून वर. एका कागदात दोन प्रवास.

आणि हे काय ऐकतेय? तुझ्या खालच्या मजल्यावरचा शिंपी परवा खिडकीशी आला होता. म्हणाला, तुझ्या जिन्यातला दिवा दिवसाढवळ्याही जळत असतो. घड्याळजी माणूस तू, तुला वेळ कळत नाही का?

तुझी ताई

११ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. यंत्राबद्दल वाईट वाटलं. यंत्रं बिघडतात, मग आमच्यासारख्यांना बोलावतात.

मला येता येणार नाही. जलद बस पुलावरून जाते आणि पुलावर मला चक्कर येते. लाँचचं तू लिहायलाच नको होतं. जुन्या बसमध्ये पाच तास बसायला कंबर साथ देत नाही. शिवाय दुकानात नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ उघडून पडलंय, त्याची चक्रं टेबलभर पसरलीत. टाकून आलो तर मांजर एखादं पळवेल.

जिन्यातला दिवा डोळ्यांसाठी आहे. तिसरी पायरी झिजलीय. शिंप्याला म्हणावं, टाके घाल.

तूच का येत नाहीस? खिडकी बंद झाल्यावर तुला वेळच वेळ. चिठ्ठी परत पाठवतोय, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

तुझा धाकटा

१६ नोव्हेंबर

धाकट्या,

चक्कर, कंबर आणि मांजर. तीन वाटांना तीन सबबी, हिशेब चोख आहे. माझ्यासमोर एकतीस वर्षं माणसांनी सबबी सांगितल्यात, त्यामुळे मला त्या ओळखू येतात.

मग आता खरं सांगते. हे मी कुणाला बोलले नाही. वेड लागलं म्हणायचं असेल तर म्हण, पण शेवटपर्यंत वाचून मग म्हण.

लगबगबाई अजून खिडकीवर येते.

हो, तुझी बायको. आपली लगबगबाई. चहा कपात ओतायच्या आधी पिऊन टाकायची, ती. त्या उलटलेल्या लाँचमधली सगळी माणसं या ना त्या काठाला लागली, जिवंत म्हणा की कशी म्हणा, आणि ती मात्र लागली नाही, तुला नुसती तिची पिशवी मिळाली. एकोणीस वर्षं झाली. पुढच्या महिन्यापासूनच ती यायला लागली.

रोज नाही येत. ज्या दिवशी ओहोटी संध्याकाळची असते, त्या दिवशी साडेचारच्या सुमाराला येते. पंधरवड्यातून एकदा. रांग असली तर रांगेच्या बाजूने. मला दिसत काही नाही. फटीखालच्या फळीवर ओल येते, हाताच्या तळव्याएवढी, आणि आवाज येतो, तुझ्या गावच्या वाटेबद्दल, "वर जायला लवकरचं काय आहे?" झाडूवाली म्हणते, वरचा नळ गळतोय. वर नळ नाही, घड्याळ आहे.

मी तिला सांगत नाही असं समजू नकोस. दर वेळी सांगते. म्हणते, बाई गं, चार चाळीसची जुनी बस आहे, साडेनऊला पोचवेल, हीच घे. ती थांबते. मग म्हणते, "एवढा उशीर नको. घरी वाट बघतायत. लवकरचं सांगा." लवकरचं माझ्याकडे काय आहे? पुलावरची जलद बस दुपारीच परत जाते, त्या वेळी लवकरची फक्त लाँच. ती मी कोणत्या तोंडाने सांगू? मी बसचीच वेळ पुन्हा सांगते आणि ओल वाळते.

काल आली होती. पुढची ओहोटी तीस तारखेची, मी तक्ता पाहिला. एक तारखेपासून तिथं यंत्र. यंत्र तिला लवकरात लवकर पोचवणारी वाट दाखवेल, नाहीतर काहीच दाखवणार नाही. मग ती कुणाला विचारणार, धाकट्या? मला झोप लागत नाही. ती तुझ्यासाठी घाई करतेय. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. म्हणून ये म्हणते. एवढंच कारण आहे.

तुझी ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा फाडायला घेतलं.

तू एकटी राहतेस. दोन खोल्या, समोर गोदामाची भिंत, आणि दिवसभर लोकांचे प्रश्न कानात. अशा माणसाला आवाज ऐकू येणारच. डॉक्टरला कान दाखव. नाहीतर खिडकी लवकर बंद कर, तीस तारखेची वाट कशाला बघतेस?

मी कसा जगलोय हे तुला माहीत नाही. तुझ्या गावाचं नाव पाटीवर असलेली बस रस्त्यात दिसली तरी मी दुकानात शिरतो. आणि तू मला लिहितेस की ती अजून तिथं उभी आहे, ओली, आणि विचारतेय. हे लिहिताना तुझं पेन कसं चाललं?

पुन्हा असलं लिहिलंस तर मी पत्र उघडणार नाही.

धाकटा

ता. क. आवाज थकलेला असतो का?

२२ नोव्हेंबर

धाकट्या,

थकलेला नसतो. तोच असतो, अर्धं वाक्य गिळणारा. एकोणीस वर्षांत तो म्हातारा झालेला नाही, मीच झाले.

तू ता. क. लिहिलंस म्हणून हे लिहायचं धाडस करते. माझं पेन सहज चाललं असं तुला वाटतं. ते एकोणीस वर्षं अडखळतंय, म्हणून तर माझं अक्षर असं कोंबडीचे पाय.

लगबगबाई इथं यायला निघाली तेव्हा तिला चिठ्ठी मीच पाठवली होती. गाडी, पलीकडचा काठ, लाँच, धक्का. परक्या माणसाला अशी चिठ्ठी देताना मी मागच्या बाजूला न चुकता एक ओळ लिहायची: परतताना संध्याकाळची लाँच टाळा. कारण खालून वर वाचायची रीत गाडीला चालते, बसला चालते, पाण्याला चालत नाही. सकाळी भरतीला लाँच सरळ येते. संध्याकाळी ओहोटीला मधल्या वाळूवर टेकते, मग चालवणारा सारंग तिला बाहेरच्या अंगाने वळवून नेतो आणि तिथं लाटा आडव्या येतात. परतताना वाट तीच असते, पण पाणी तेच नसतं. मला हे माहीत होतं. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी तिच्या चिठ्ठीवर मी ती ओळ लिहिली नाही. घरचंच माणूस, तिला काय लिहायचं, निघताना तोंडाने सांगू, असं म्हटलं. गावाला शहाणपण वाटणारी मी, घरचीलाच विसरले.

आणि तोंडाने सांगितलं का? ऐक. त्या दिवशी साडेचारला रांग दारापर्यंत होती. गाडी रद्द झाली होती, लोक काचेवर बुक्क्या मारत होते. बाजूने कुणीतरी विचारलं, "वर जायला लवकरचं काय आहे?" मी मान वर केली नाही. म्हटलं, "चिठ्ठी दिलीय ना? खालून वर वाचा." 'वाचा' म्हटलं मी तिला. परक्यासारखं. आवाज ओळखीचा होता हे माझ्या लक्षात यायला अर्धी रांग सरावी लागली. मग उठून धक्क्यापर्यंत धावले, तर लाँच पाण्यात बरीच आत गेली होती. ती कठड्याला उभी होती, की दुसरी कुणी, तेही मला सांगता येत नाही.

म्हणून तिचं तोंड मला दिसत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

तुझ्या बायकोला मी पाठवलं, धाकट्या. तू मला काय शिक्षा करायची ती कर, पण तीस तारखेला येऊन तिला घेऊन जा.

ताई

२६ नोव्हेंबर

ताई,

चार दिवस दुकान उघडलं नाही. मनोऱ्याचं घड्याळ तसंच पडलंय, अख्खं गाव वेळ विचारत फिरतंय.

तिची पिशवी मला मिळाली तेव्हा आतल्या कप्प्यात तुझी चिठ्ठी होती. शाई पाण्याने धुऊन गेलेली, नुसता निळा डाग. मी ती घड्याळाच्या काट्यांच्या खणात ठेवली. एकोणीस वर्षं तिच्यात फक्त डागच पाहिला. तुझं पत्र आल्यावर तुझी ती ओळ मागे खरंच नाही का, हे पाहायला काढली. रागाने काढली, खोटं कशाला सांगू? डोळ्याला भिंग लावलं आणि कागद दिव्याखाली तिरका धरला.

तुझी ओळ नाही. मागे शाईचा ठिपकाही नाही. पण पेन्सिल पाण्याने जात नाही, ताई. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतकी फिकट, पण आहे. तिचं अक्षर आहे. "जुनी बस ४-४०. पोच ९-३०." त्यावर एक आडवी रेघ. खाली: "उशीर. लाँच ५, पोच ८." आठखाली दोन रेघा.

म्हणजे तिला बस माहीत होती. तुझ्या खिडकीवरच्या फळ्यावरून उतरवून घेतली असणार. दोन्ही वाटा तिच्यासमोर होत्या आणि तिने बस खोडली. तू मान वर केली असतीस तरी तिने लाँचच घेतली असती. आता त्या आठला दोन रेघा कशाला, ते सांगतो. ते फक्त मला माहीत आहे.

ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती तुझ्याकडे, आठ झाले. मला एकट्याने जेवायला आवडत नसे. कारण एवढंच, दुसरं काही नाही. त्या दुपारी मी स्टेशनात फोन केला. कोण होता कुणास ठाऊक, त्याला म्हटलं, चौकशीच्या बाईंच्या भावजयीला निरोप द्या, आज आठला जेवायच्या वेळी घरात दिसली नाहीस तर पुन्हा येऊच नकोस.

हे मी बोललो. 'पुन्हा येऊच नकोस.' आणि ती आली नाही. आयुष्यात कधी नव्हे ते तिने माझं शब्दश: ऐकलं.

माझ्या कानांना काही झालेलं नाही. फोन हातात घेतला की ते वाक्य ऐकू येतं, म्हणून मी फोन घेत नाही. जिन्यातला दिवा त्या संध्याकाळी आठला लावला. रागात लावला, उशिरा येते तर निदान ती झिजकी पायरी दिसू दे म्हणून. तेव्हापासून मालवलेला नाही.

मी येतोय. खाडीला वळसा घालणाऱ्या बसने येईन. ती चिठ्ठी सोबत आणतोय.

धाकटा

२७ नोव्हेंबर

धाकट्या,

हे तू निघण्याआधी पोचावं म्हणून बसच्या वाहकाच्या हाती देतेय.

तो फोन मी उचलला होता. आवाज बदलून नाही, गोंगाटात तुला कळला नसेल. तू बोललास ते सगळं मी ऐकलं आणि मनात तुझ्या चार पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे माझ्याच. हमालाला घरी पाठवलं तेव्हा निरोप इतकाच दिला: "उशीर करू नकोस म्हणतोय, जेवायला आठला वाट बघतोय."

ते दुसरं वाक्य तिच्यापर्यंत गेलंच नाही. हमाल सांगत होता, निरोप ऐकून ती हसली आणि म्हणाली, "बघा, करमत नाही त्यांना." ती तुझ्या धाकाने धावली नाही. तू वाट बघतोयस या आनंदाने धावली. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर माझी चिठ्ठीही सांगावी लागली असती. मी भित्री आहे, धाकट्या. काचेमागे बसायची सवय झालेली.

ये. सावकाश ये.

ताई

३ डिसेंबर

ताई,

सुखरूप पोचलो. बसने हाडं खिळखिळी केली, तू म्हणाली होतीस तशीच.

काचेपलीकडून तू विचारत होतीस, काय बोललास? तेव्हा बस सुटायला आली होती, आणि पाठीमागे ते यंत्रवाले खोकी घेऊन उभे. म्हणून आता लिहितो.

साडेचारला मी तू सांगितलंस तिथं, रांगेच्या बाजूला उभा राहिलो. मला काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही. स्वत:चीच लाज वाटली. मग फळीवर हात ठेवला तर ती ओली होती. मी म्हटलं, "घाई नाही. मी जेवून घेतलंय. आपण साडेनऊला पोचू, दहाला पोचू, कधीही पोचू. माझं चुकलं. चल, बसने जाऊ." बस, एवढंच बोललो. एकोणीस वर्षं पाठ केलेलं मोठं भाषण होतं, ते कुठं गेलं कोण जाणे.

तू फटीतून चिठ्ठी सरकवलीस ती मी बसमध्ये बसल्यावर वाचली. शेवटच्या दिवशी तुझ्याकडून चूक झाली, ताई. तुमच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर किती माणसं ते लिहायची पद्धत असते ना, तिथं तू 'माणसं: दोन' लिहिलंस. वाहकाने चिठ्ठी पाहिली आणि न विचारता दोन तिकिटं फाडली. मला त्याला थांबवता आलं नाही. खिडकीची जागा मोकळी सोडली. मधल्या गावात एक बाई चढली, म्हणाली, "इथं कुणी आहे?" माझ्या तोंडून गेलं, "आहे." ती पुढे गेली.

खाडीच्या टोकाशी बस वळते तिथून पाणी दिसतं. लाँच शेवटची फेरी करत होती, दिवे लावून. मी पाहिलं. पहिल्यांदाच नजर वळवली नाही.

साडेनऊला घरी. जिन्यातला दिवा जळत होता. मी भिंतीच्या बाजूला जागा सोडून चढलो, तिसरी पायरी सांभाळून. आणि वर जाऊन बटणावर हात ठेवून उभाच राहिलो. मालवू की नको, कळेना. अजून जळतोच आहे. तू सगळ्या जगाला वाटा सांगतेस, एवढं मला सांग.

तुझा धाकटा

१५ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

मुद्दाम आजपर्यंत थांबले. आज संध्याकाळची ओहोटी होती.

आधी तुझ्या 'चुकी'बद्दल. एकतीस वर्षांत मी माणसांचा आकडा चुकवलेला नाही.

फळीवर ओल आली, तुझे ओठ हलायला लागले आणि मी ठरवलं होतं तशी मान वर केली. ती तुझ्या खांद्यामागे होती. हातात पिशवी, केस विस्कटलेले, पदर खांद्यावर कसाबसा. तोंड दिसलं रे. ती माझ्याकडे बघतच नव्हती, तुझ्याकडे बघत होती, आणि ऐकत होती. आपली लगबगबाई आणि एका जागी उभी राहून ऐकतेय! मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने मला काही विचारलं नाही. मी पेन उचललं आणि वर लिहायचं ते लिहिलं.

आज साडेचारला स्टेशनात गेले. काच काढलीय, फळी तेवढी राहिलीय. यंत्रापाशी पोरंसोरं बोटं लावून खेळत होती. मी फळीवर हात ठेवून सहा वाजेपर्यंत उभी होते. लोकांना वाटलं, म्हातारीला यंत्र चालवता येत नाही; दोघांनी मदतही करू पाहिली. फळी कोरडी होती. हात काढला तेव्हा तळव्याला धूळ लागली होती, धाकट्या, कोरडी धूळ. मी ती घरी येईपर्यंत पुसली नाही, आणि वाटेत भर रस्त्यात रडले.

पुढच्या आठवड्यात मी येते तुझ्याकडे, पुलावरून. मनोऱ्याचं घड्याळ तोवर लावून ठेव.

आणि तू विचारलंस ते. घरातली सगळी माणसं आत आली, की जिन्यातला दिवा मालवतात. मालव.

तुझी ताई